पिशवीतली फुंकर

मालिनच्या गालांबद्दल गावात बरंच बोललं जायचं. तरुणपणी ते लालबुंद आणि टरटरीत होते, आता एकाहत्तराव्या वर्षी रिकाम्या खिशासारखे लोंबायला लागले होते. पण फुंकर अजून शाबूत होती. नोव्हेंबर लागला, डुकरं कापायचे दिवस आले, की मेलारेन तळ्याकाठच्या त्या चिमुकल्या गावात बाकीच्या बायका रक्ताची धिरडी करण्यात आणि सॉसेज भरण्यात बुडून जात आणि मालिन टोपली घेऊन दारोदार फिरत असे. तिला मांस नको असायचं, चरबी नको असायची. जी वस्तू लोक कुत्र्यापुढे टाकत तीच तिला हवी असायची, जनावराच्या मुताची पिशवी.

हसू येतं खरं, पण त्या पिशवीवर मालिनचं अख्खं आयुष्य गेलं. राखेच्या पाण्यात आणि मिठात ती चार दिवस भिजवायची, बोथट चमच्यानं आतबाहेर खरवडायची, सात पाण्यांनी धुवायची. मग पिसाची नळी तोंडात लावून गलेलठ्ठ होईपर्यंत फुगवायची आणि शेगडीजवळ टांगायची. वाळली की चरबीनं चोळून मऊ करायची. आणि शेवटी हवा सोडून देताना सगळी सोडायची नाही. एक फुंकर आत ठेवून तोंडाला सुतळी आवळायची. हे तिच्या आईनं शिकवलेलं. "पिशवी कधी उपाशी बांधू नये गं," आई म्हणायची. "एक श्वास आत असला की तिच्या भिंती एकमेकींना धरत नाहीत. नाहीतर चिकटतात, आणि मग सोडवायला जावं तर टराटरा फाटतात." मालिनच्या आजीनं तसंच केलं होतं, आजीच्या आईनंही.

गावातला औषधवाला या पिशव्यांचं मोठं गिऱ्हाईक. बरण्यांच्या तोंडांवर त्या ताणून बांधल्या की मलम वाळत नाही आणि मुरंबा किडत नाही. हल्लीचा औषधवाला चटपटीत, घाईतला. दरवर्षी त्याचं एकच गाऱ्हाणं.

"आजी, या फुगवून कशाला आणता? टोपलीभर जागा खातात. चपट्या करून आणत जा ना."

"चपट्या केल्या तर फाटतात."

"मग इथं आल्यावर तरी चपट्या करा."

त्यावर मालिन एकेक पिशवी फळीवर ठेवते, सुतळी सैल करते, दोन्ही तळव्यांनी दाबून आतली हवा घालवते आणि दाबताना काहीतरी पुटपुटते. म्हातारीचं डोकं फिरलंय असं त्या औषधवाल्याला वाटतं. फिरलेलं नाही. पण ती काय पुटपुटते ते कळायला आपल्याला जवळजवळ चाळीस वर्षं मागं जायला हवं, याच दुकानात, याच फळीपाशी.

तेव्हा इथं औषधवाले म्हणून तोर्नेल नुकतेच आले होते. अठ्ठावीस वर्षांचे, काठीसारखे बारीक, बिनलग्नाचे. बोटं पिवळी पडलेली, बाह्यांना जळकी भोकं. दुकानात आलेली वस्तू, मग ती काळी असो, हिरवी असो, विषारी असो, ते आधी हुंगत आणि मग जिभेवर ठेवत. त्यांची घरकाम बघणारी सिसेला कपाळावर हात मारून म्हणायची, "एक दिवस हा माणूस स्वतःलाच चाखून मरणार." आणि आणखी एक खोड होती त्यांना: ते सगळ्यांना तुम्ही म्हणायचे. पाद्र्याला तुम्ही, सिसेलाला तुम्ही, खाटकाच्या बायकोलाही तुम्ही. गावाला याची फार गंमत वाटे.

ती खाटकाची बायको म्हणजे मालिन. ती पहिल्यांदा टोपली घेऊन गेली तेव्हा तोर्नेलांनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "सगळ्या ठेवा."

"सगळ्या? अहो मालक, एवढ्या बरण्या आहेत तरी कुठं तुमच्याकडे?"

"बरण्यांसाठी नाहीत. मला यांच्यात हवा भरायचीय."

"हवा?" मालिन खो खो हसली. "हवा तर मी फुकट भरून देते की!"

त्या वेळी तेही हसले. हे वाक्य पुढं मालिनला किती टोचणार होतं याची दोघांनाही कल्पना नव्हती.

गावाला विषय मिळाला. मालिनचा नवरा होकन खानावळीत बसून सांगायचा, "मी मांस विकतो, बायको वारा विकते. आणि दादा, तिचा माल माझ्याआधी संपतो!" बायका वाटेत अडवून विचारायच्या, आज काय भाव वाऱ्याचा? मालिन उत्तर द्यायची, "तुझ्या नवऱ्याच्या बोलण्यापेक्षा महाग."

पण खरं सांगायचं तर तिला त्या दुकानामागच्या खोलीचं वेड लागलं होतं. गुरुवारी सिसेला वाटाण्याचं सार आणि डुकराच्या मांसाचा रस्सा करायची, आणि पिशव्या द्यायला मालिन नेमकी गुरुवारीच उगवायची. सार पिऊन झालं की तोर्नेल तिला काही ना काही दाखवत. वाकड्या मानेच्या काचभांड्यात बंदुकीच्या दारूतला सोरा घालून ते शेगडीवर तापवत, आणि भांड्याच्या तोंडाला पिशवी बांधत. सोरा वितळे, फसफसे, आणि पडलेली पिशवी हळूहळू अंग धरू लागे. कुणीही न फुंकता पिशवी फुगते हे मालिननं जन्मात पाहिलं नव्हतं.

"ही आगीची हवा," तोर्नेल म्हणाले. त्यांनी ती एका बरणीत सोडली आणि विझत आलेली, टोकाला नुसता लाल ठिपका उरलेली काडी आत धरली. काडी भप्पकन पेटली, अशी की खोलीच्या कोपऱ्यातली कोळिष्टकंसुद्धा दिसली. मालिनच्या तोंडून अशी शिवी गेली की सिसेलानं छातीवर क्रूस काढला.

"मालक, हे काय हो?"

"हेच तर मी शोधतोय, मालिनबाई. लोक समजतात हवा म्हणजे एकच एक. मला वाटतं एका घरात सासू-सून राहाव्यात तशा हिच्यात दोन आहेत. एक सगळं पेटवते, आपल्याला जगवते. दुसरी नुसती बसून असते, मेणबत्ती विझली तरी ढुंकून बघत नाही."

"यातली सासू कुठली?"

तोर्नेलांनी खरोखरच विचार केला. "ते अजून ठरायचंय," ते म्हणाले.

असे ते दिवस होते. त्यांनी बरणीत मधमाश्या ठेवल्या, अंकुरलेले वाटाणे ठेवले, एकदा उंदीरही ठेवला आणि नंतर त्याला चीज घालून सोडून दिला. कुठल्या हवेत काय किती वेळ जगतं ते वहीत लिहून ठेवलं. मालिनला लिहिता येत नव्हतं, पण कुठल्या पिशवीत काय आहे ते तिला सुतळीच्या गाठीवरून कळायचं. त्या गाठी तिनंच ठरवल्या होत्या. घरी येऊन ती होकनला सगळं सांगायची. होकन जांभया देत ऐकायचा आणि म्हणायचा, "म्हणजे अजून कुणाला खाता येईल असं काही निघालं नाही तर."

तिसऱ्या वर्षी तोर्नेलांनी स्टॉकहोमला लांबलचक पत्र धाडलं. तिथले दोन विद्वान दुसऱ्या कामासाठी याच वाटेनं जाणार होते. त्यांनी कळवलं, आम्ही थांबतो, तुमची ती हवा डोळ्यांनी बघतो, पटली तर आमच्या पुढच्या सभेत तुमचं पत्र वाचून दाखवतो. तोर्नेलांनी ते उत्तर मालिनला तीनदा वाचून दाखवलं. एकदा पत्र सभेत वाचलं गेलं की ही आगीची हवा त्यांच्या नावावर लागणार होती, आणि मग ते नुसते गावातले मलम विकणारे राहणार नव्हते.

मालिननं ठरवलं, या दिवसासाठी अशी पिशवी करायची की नाव निघेल. होकननं त्याच आठवड्यात एक दांडगा बैल कापला होता. त्याची पिशवी तिनं पाच दिवस खपून रेशमासारखी मऊ केली. एरवी तोर्नेल पिशव्या आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालत, पिळत आणि मगच वापरत. त्या सकाळी मात्र ते आरशापुढं उसना आणलेला केसांचा टोप डोक्यावर बसवत होते आणि टोप काही केल्या बसत नव्हता. "मालिनबाई, तुम्हीच बांधा," त्यांनी आतून ओरडून सांगितलं. मालिननं ती पिशवी भिजवली नाही. एवढी मऊ केलेली भिजवून वाटोळं कशाला करायचं? सुतळी सोडली, तोंड बोटांत चिमटीत धरलं आणि आतली फुंकर तशीच ठेवून पिशवी काचभांड्याच्या मानेला आवळून टाकली. आईनं शिकवलेली गोष्ट हातांनी आपोआप केली. डोक्यानं त्यात काही भागच घेतला नाही.

विद्वान आले. एक जाडा, सारखी तपकीर ओढणारा. दुसरा सडपातळ, काहीच न ओढणारा आणि काहीच न बोलणारा. सोरा तापला. पिशवी हलली, जराशी वर आली आणि तेवढ्यात कडकन आवाज होऊन काचभांड्याच्या बुडाला तडा गेला. सिसेला किंचाळली. तोर्नेलांनी झटकन पिशवीचं तोंड आवळलं, तिला हाताळून पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. पिशवी चांगली टम्म होती.

"पुरेल," ते म्हणाले. "भरपूर आहे."

त्यांनी हवा बरणीत सोडली. लाल टोकाची काडी आत गेली. काडी जराशी उजळली, मग नेहमीच्या काड्या करतात तेच तिनं केलं, म्हणजे विझली. मेणबत्ती धरली. मेणबत्ती अशीच जळत राहिली, कुणाच्याही घरातल्या मेणबत्तीसारखी.

जाड्यानं तपकीर ओढली. "आमच्या स्वयंपाकघरात अशीच जळते हो," तो म्हणाला.

"पुन्हा करतो," तोर्नेल म्हणाले. पण दुसरं भांडं नव्हतं, आणि विद्वानांची गाडी बाहेर जुंपून उभी होती. सडपातळ गृहस्थ तेवढ्यापुरते बोलले: "उन्हाळ्यात बघू." तोर्नेल त्यांना पोचवायला दारापर्यंत गेले तेव्हा टोप एका कानावर आला होता. मालिनला तो सरळ करावासा वाटला, पण सगळ्यांदेखत तिची हिंमत झाली नाही. हे टोपाचं चित्र मालिनला आजही दिसतं.

उन्हाळा यायच्या आत बातमी आली. परदेशातल्या कुणीतरी तीच हवा शोधून काढली होती आणि छापूनही टाकली होती. तोर्नेलांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि वहीत ठेवला. "चला," ते म्हणाले, "म्हणजे मी चुकीचा नव्हतो." त्या गुरुवारी त्यांनी वाटाण्याचं सार मात्र घेतलं नाही.

पण त्यांनी काम सोडलं नाही. दुसऱ्या हवांच्या मागं लागले: जिनं डोळ्यांना पाणी येतं ती, जिनं रंग उडतात ती, सिसेला जिला "सडक्या अंड्यांची बाई" म्हणायची ती. पिशव्या लागतच होत्या. फक्त एक नवी सवय त्यांना लागली. मालिननं आणलेली पिशवी ते आधी फळीवर ठेवत, सुतळी सोडत, दोन्ही तळव्यांनी दाबून चपटी करत आणि दाबताना हलक्या आवाजात म्हणत, "माफ करा हं."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मालिनला हसू आवरेना.

"कुणाची माफी मागताय, मालक? त्या डुकराचं केव्हाच सॉसेज झालं! त्याला आता ऐकू येत नाही."

तोर्नेल गालातल्या गालात हसले. "सवय आहे," ते म्हणाले.

"डुकरालासुद्धा तुम्ही म्हणणारा माणूस पहिल्यांदा बघितला," मालिननं घरी जाऊन सांगितलं, आणि होकननं तो किस्सा खानावळीत महिनाभर पुरवला. तोर्नेल दाबत राहिले, माफ करा म्हणत राहिले, आणि गावाला त्याचीही सवय झाली.

चार वर्षं गेली. एका बाजाराच्या दिवशी दुकान माणसांनी भरलं होतं. तोर्नेल खुशीत होते. त्यांनी पेल्यात चुन्याची निवळी ओतली, पाण्यासारखी स्वच्छ, आणि पाद्र्याच्या बायकोला गवताची नळी दिली. "फुंका, बाई." तिनं लाजत लाजत फुंकलं आणि निवळी दुधासारखी पांढरी झाली. दुकानात एकच गलका झाला. मग सगळ्यांनाच फुंकायचं होतं. होकननं फुंकलं आणि तो म्हणाला, "बघा, माझ्या आत गाय आहे!" शेवटी नळी मालिनकडे आली. तिची फुंकर काय विचारता, एका दमात पेला पांढराफटक.

"आपण जी हवा आत घेतो," तोर्नेल सांगत होते, "आणि जी बाहेर टाकतो, त्या एक नव्हेत. बाहेर येते तिच्यातली पेटवणारी बरीचशी आपण खर्च केलेली असते, आणि उलट ही निवळी पांढरी करणारी तिच्यात घातलेली असते. हिच्यात मेणबत्तीचं काही बरं चालत नाही. तुम्ही कितीही..."

ते मधेच थांबले. मालिनच्या हातातला पेला कलला होता आणि चुन्याचं पाणी तिच्या एप्रनवर सांडत होतं.

तिला एका क्षणात सगळं दिसलं होतं. बैलाची पिशवी, चिमटीत धरलेलं तोंड, आत ठेवलेली फुंकर. काचभांडं फुटलं तेव्हा आगीची हवा आली होती घोटभर. पिशवी टम्म दिसली ती तिच्यामुळे. स्टॉकहोमच्या विद्वानांनी आगीची हवा पाहिलीच नव्हती. त्यांनी मालिनचा श्वास पाहिला होता.

त्या दिवशी तिनं जेवण केलं नाही. होकनला सांगितलं. होकननं, आयुष्यात एकदाच, थट्टा केली नाही.

"बोलू नकोस," तो म्हणाला. "आता बोलून काय फायदा? गेलेली गाडी परत येणार आहे? उलट तो माणूस तुझं तोंडसुद्धा बघणार नाही."

हेच तर मालिनला भय होतं. पिशव्यांचं गिऱ्हाईक गेलं असतं तर तिनं सॉसेज भरले असते, काही बिघडत नव्हतं. पण गुरुवार गेला असता. ती मागची खोली, ती फसफस, "मालिनबाई, हे बघा" म्हणणारा तो आवाज गेला असता. ज्या माणसानं तिला तुम्ही म्हटलं त्याचंच नाव तिनं बुडवलं होतं, आणि हे त्याला कळलं तर तो पुन्हा तसं म्हणेल का, एवढाच प्रश्न तिला खात होता.

त्या नोव्हेंबरात तिनं पिशव्यांत फुंकर ठेवली नाही. सगळ्या चपट्या, उपाशी बांधल्या. दहातल्या सात फाटल्या.

"मालिनबाई," तोर्नेल म्हणाले, "यंदा आईची रीत सोडलीत की काय?"

"नाही हो. जनावरंच रोगट निघाली."

त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "रीत सोडू नका," ते म्हणाले. "मला त्या तशाच लागतात."

पुढच्या वेळी तिनं पुन्हा फुंकर ठेवली. त्यांनी पिशवी फळीवर ठेवली, दाबली, "माफ करा हं" म्हणाले. मालिन खाली मान घालून उभी राहिली. दर गुरुवारी ती मनाशी म्हणायची, आज सांगायचंच. दर गुरुवारी सार निवायचं आणि ती घरी यायची. असं एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, नऊ वर्षं चाललं.

तोवर तोर्नेल खंगत गेले. हुंगणं आणि चाखणं अंगाशी आलं होतं. बोटांचे सांधे सुजले, छातीत घरघर बसली, चव्वेचाळिसाव्या वर्षी ते साठीचे दिसायला लागले. मे महिन्यात तळ्यावरचा बर्फ गेला, भूर्जाला पानं फुटली, आणि सिसेला खाटकाच्या दाराशी येऊन म्हणाली, "भेटून जा. फार दिवस नाहीत."

मालिन गेली. ते खिडकीशी खुर्चीत बसले होते, पायांवर घोंगडी. गुरुवार होता, सिसेलानं साराचा वाडगा आणून ठेवला आणि आत गेली.

"मालक," मालिन म्हणाली, "ती हवा माझी होती."

"कुठली?"

"ती हो. स्टॉकहोमवाले आले तेव्हाची. पिशवीत माझी फुंकर होती. मी तशीच बांधली. तुमची हवा आली होती जराशी, पण पिशवी भरलेली दिसली ती माझ्या श्वासानं. मी तुमचं सगळं मातीत घातलं आणि तुमच्याच घरी बसून सार पीत राहिले." एवढं बोलून तिनं तोंडाला एप्रन लावला.

तोर्नेल हसायला लागले. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याची उबळ झाली. मालिननं पाठ चोळली तेव्हा कुठं त्यांना बोलता आलं.

"नऊ वर्षं लावलीत, मालिनबाई. त्या दिवशी पेला सांडलात तेव्हाच वाटलं होतं, आता सांगाल, उद्या सांगाल."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्याच संध्याकाळपासून. ते गेल्यावर पिशवीत उरलेलं चुन्याच्या निवळीतून सोडलं. दूध! म्हटलं, सोऱ्यातून तर ही येत नाही. मग कुणाच्या छातीतली? माझ्या पिशव्यांना तोंड लावणारं या गावात दुसरं कोण होतं?"

"मग बोलायचं नाही का?" मालिनला एकदम रागच आला. "चार शिव्या घालायच्या होत्यात! टोपली फेकायची होतीत! मी इथं झुरून अर्धी झाले."

"बोललो असतो तर तुम्ही पुन्हा आला नसतात. तुम्ही आला नसतात तर पिशव्या नाहीत, पिशव्या नाहीत तर हवा नाही. आणि ही बोडकी खोली आणि मी." त्यांनी दम घेतला. "आणि बोललो नाही कसं? तेरा वर्षं बोलतोय. दर पिशवीला बोललोय. तुम्हीच म्हणालात, डुकराचं केव्हाच सॉसेज झालं."

मालिनला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. तो माणूस डुकराची माफी मागतच नव्हता. तिचा श्वास घालवावा लागतोय म्हणून, प्रत्येक वेळी, तो तिची माफी मागत होता, आणि ती समोर उभी राहून हसत होती. ती रडली, मोठ्यानं, नाक ओढत. तोर्नेल संकोचून खिडकीबाहेर बघत राहिले.

"सार निवतंय," शेवटी ते म्हणाले. "आणि एक काम होतं. उद्या एक पिशवी आणा. तुमच्या रीतीनं बांधलेली. ती मी दाबणार नाही."

तिनं आणली. त्यांनी ती खिडकीच्या खिळ्याला, बिछान्यातून दिसेल अशी टांगायला लावली. सिसेला कुरकुरली, की मरणाऱ्या माणसाच्या उशाशी हे काय अभद्र, पण तिनं काढली नाही. नवव्या दिवशी तोर्नेल गेले तेव्हा पिशवीत अजून बरीच हवा होती. सिसेलानं ती मालिनला परत दिली. मालिननं गाठ सोडली नाही. पण पिशवी कितीही चांगली असली तरी हवा धरून ठेवत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? भर उन्हाळ्यापर्यंत ती आपोआप चपटी झाली.

पुढं होकन गेला, सिसेला गेली. दुकानाचे दोन मालक बदलले. मागच्या खोलीत आता पिंपं ठेवतात. तोर्नेलांच्या वह्या त्यांच्या पुतण्यानं नेल्या, त्यांचं पुढं काय झालं देव जाणे. गावात तोर्नेलांचं नाव निघतं ते फक्त चाखून मेलेला औषधवाला म्हणून, आणि तेही म्हाताऱ्यांतच. मालिनला याचा फार संताप येतो. कुणी तसं म्हणालं की ती त्याला भर रस्त्यात विचारते, "तुझ्या आत दोन हवा आहेत हे तुला कुणी सांगितलं रे?" लोक वाट बदलतात.

यंदाचाही नोव्हेंबर आला. मालिन टोपली घेऊन दुकानात गेली. चटपटीत औषधवाल्यानं नेहमीचं गाऱ्हाणं केलं. मालिननं पिशवी फळीवर ठेवली, याच फळीवर, जिथं चाळीस वर्षांच्या तळव्यांनी लाकूड गुळगुळीत झालंय. सुतळी सोडली. दोन्ही हात ठेवून दाबलं. तिचा श्वास फुस्स करून निघून गेला, आणि ती हळूच म्हणाली, "माफ करा हं, मालक."

औषधवाला वरमला. "अहो आजी, माझी कसली माफी? मी आपला सहज म्हणालो जागा खातात म्हणून."

"तुमची नाही हो," मालिन म्हणाली, आणि तिनं दुसरी पिशवी फळीवर ठेवली.